रॉक गाणी उलटी वाजवली की सैतानाचे संदेश ऐकू येतात, हे खरं आहे का?

ऐकू येतात, पण काय ऐकायचं ते आधी कुणी सांगितलं तरच.

१९८०च्या दशकात अमेरिकेतले काही ख्रिस्ती धर्मप्रचारक रेकॉर्ड उलट्या फिरवून लोकांना असले ‘पुरावे’ ऐकवत. लेड झेपेलिन या रॉक बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गाणं तर त्यांचं लाडकं गिऱ्हाईक. कॅनडातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये गंमतच केली: चक्क बायबलमधलं २३वं स्तोत्र उलटं वाजवलं. नुसतं ऐकून कुणाला अर्थ लागेना. अमुक शब्द आहेत म्हटल्यावर मात्र तेच ऐकू यायला लागले. आगगाडीच्या खडखडाटात लहानपणी आपल्याला हवे ते शब्द ऐकू यायचे ना, तसंच.

जुडास प्रीस्ट या रॉक बँडवर तर १९९०मध्ये नेवाडातल्या रेनोत खटलाच चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, त्यामागे गाण्यातला छुपा संदेश होता, असा आरोप. गायक रॉब हॅलफर्डने आपलीच गाणी उलटी वाजवून दाखवली. त्यात म्हणे कुणीतरी पेपरमिंट मागत होतं! निकाल बँडच्या बाजूने लागला. आणि छुपा संदेश घालायचाच, तर ‘आमच्या रेकॉर्ड विकत घ्या’ असा नसता का घातला?