किल्ली मिळाली, पण जमीन कुणाच्या नावावर?

यावेळी घरखरेदीच्या पत्रांचा ढीगच पडलाय. त्यातली बरीचशी कन्व्हेअन्सभोवती फिरतायत म्हणून ते आधी नीट घेते, बाकीच्यांना थोडक्यात उत्तरं देते, राग मानू नका.

प्रश्न : ताई, डोंबिवलीत रिसेलचा फ्लॅट बघितलाय, बिल्डिंग २००४ ची. सगळं पसंत आहे पण ऑफिसमधला मित्र म्हणाला की कन्व्हेअन्स झालंय का ते विचार. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, सगळ्यांची ॲग्रीमेंटं रजिस्टर आहेत, काळजी करू नका. मग हे कन्व्हेअन्स वेगळं काय असतं? नसेल झालं तर फ्लॅट घ्यायचाच नाही का?

उत्तर : सेक्रेटरींनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय. मुद्दाम दिलं असेल असं नाही, बऱ्याच कमिट्यांना खरंच वाटतं की ॲग्रीमेंट रजिस्टर झालं म्हणजे विषय संपला. ॲग्रीमेंटने तुमचा फ्लॅटवरचा हक्क पक्का होतो. पण बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन, बिल्डिंगसकट, सोसायटीच्या नावावर करून देणारा जो दस्त असतो तो कन्व्हेअन्स. सरकारी पत्रात त्याला अभिहस्तांतरण म्हणतात, बोलताना कुणी म्हणत नाही. १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीवरच्या कायद्याखाली, ॲग्रीमेंटमध्ये वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने हा दस्त करून द्यायचा असतो. आता तो का करून देत नाही? कारण जमीन त्याच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर राहिली की उद्या एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढला, टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) टाकायची सोय झाली तर हक्क सांगायला तो मोकळा. तुम्ही तीस वर्षं मेन्टेनन्स भरा, गच्ची गळली की डांबर मारा, आणि रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की मीटिंगमध्ये जमीनमालकाचे नातू येऊन बसणार.

यावर २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन डीम्ड कन्व्हेअन्स आलं. म्हणजे बिल्डर सही देत नसेल, गायब असेल, वारला असेल, तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकार खात्यातले, दस्त नोंदवणारे नव्हेत, लोक इथे हमखास चुकतात) नमुना ७ मध्ये अर्ज करू शकते. बिल्डरला आधी नोटीस द्यायची, मग सोसायटीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, प्रॉपर्टी कार्ड (शहरी जमिनीच्या मालकीचा उतारा) किंवा सातबारा, मेंबरांची यादी, त्यांचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), हे सगळं जोडायचं. सहा महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात थोडा दम धरा. आदेश मिळाला की दस्ताचा मसुदा स्टॅम्प ड्युटी ठरवायला मुद्रांक कार्यालयात जातो, तिथे मेंबरांनी आपापल्या ॲग्रीमेंटवर भरलेली ड्युटी धरली जाते म्हणून एखाद्याने भरलेलीच नसेल तर तेव्हा सगळी सोसायटी त्याच्या दारात. मग दस्त रजिस्टर होतो. आणि त्याच्यापुढचं एक काम, जे राहूनच जातं, ते म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढवणं. आदेश आला म्हणून पेढे वाटलेत, फाईल कपाटात गेलीये आणि कार्डावर अजून बिल्डरचंच नाव, अशा सोसायट्या मी पाहिल्यात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ॲग्रीमेंटच्या शेवटी मिळकतीचं वर्णन असतं, त्यातला सिटी सर्व्हे नंबर किंवा सर्व्हे नंबर घ्या आणि प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा ऑनलाइन काढून मालकाच्या रकान्यात कोण आहे ते स्वतः बघा, सेक्रेटरींच्या शब्दावर जाऊ नका. कन्व्हेअन्स नाही म्हणून फ्लॅट सोडून द्या असं मी म्हणणार नाही, तसं केलं तर रिसेलमध्ये घर मिळणं मुश्किल. पण भाव करताना ते बोला, आणि डीम्डचा अर्ज केलाय की नुसतं "करतोय करतोय" चाललंय ते विचारा. (मी माझा पहिला फ्लॅट घेताना हे विचारलंच नव्हतं, आणि तेव्हा मी चांगली पाच वर्षं वकिली करत होते.) सिडकोच्या जमिनीवर असाल तर गणित वेगळं, तिथे जमीन भाडेपट्ट्याने असते, म्हणून मालकीऐवजी भाडेपट्टा सोसायटीच्या नावावर होतो.

प्रश्न : विकणाऱ्या काकांकडे पहिल्या ॲग्रीमेंटची फक्त झेरॉक्स आहे. ओरिजिनल शिफ्टिंगमध्ये हरवलं म्हणतात. माणसं चांगली आहेत, पण बाबा नको म्हणतायत.

उत्तर : बाबांचं ऐका, निदान थोडे दिवस. हरवलं असेलही, पण कर्ज काढताना ओरिजिनल बँकेकडेच ठेवतात, त्यामुळे पहिली शंका तीच घ्यायची. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा शोध, काढून घ्या. २०१३ पासून आपल्याकडे अशा, म्हणजे कागद बँकेत ठेवून केलेल्या, गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (लेखी सूचना) दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, त्यामुळे त्यानंतरचं कर्ज असेल तर सर्चमध्ये सापडायला हवं. शिवाय सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीच्या साइटवर थोडी फी भरून बघता येतं. सोसायटीत बँकेचा बोजा नोंदलाय का तेही विचारा. सगळं स्वच्छ निघालं तर काकांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यावी, पेपरात जाहीर नोटीस द्यावी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून सर्टिफाइड कॉपी काढावी, हा खर्च त्यांचा. आणि साखळी बघा, त्यांच्याआधी कुणाचा, त्याच्याआधी कुणाचा, प्रत्येक ॲग्रीमेंट आणि त्याची स्टॅम्प ड्युटी. मधल्या एखाद्या दस्ताची ड्युटी बुडवलेली असेल तर दरमहा २ टक्के दंड चढत बसतो आणि मागायला मुद्रांक कार्यालय तुमच्याकडे येतं.

प्रश्न : बिल्डर म्हणतो २० टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू. भरू का?

उत्तर : नाही. रेरा या बिल्डरांना लागू असलेल्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाहीत. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघा, आणि हे कलम त्याला शांतपणे व्हॉट्सॲप करा.

प्रश्न : एजंट म्हणतो आत्ता नोटरी करून घ्या, मुखत्यारपत्र घ्या, रजिस्ट्रेशन नंतर सावकाश करू, स्टॅम्प ड्युटीचे पैसे वाचतील.

उत्तर : एजंट बदला. नोटरीने घर नावावर होत नाही. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांत नोंदवायचा, त्यानंतर आणखी चार महिने मिळतात पण दंड भरून, आणि तेही गेले तर पुन्हा सगळ्यांना गोळा करून नव्याने सह्या घ्या, तोपर्यंत विकणारा फोन उचलेल याची गॅरंटी काय?

प्रश्न : फ्लॅट आजोबांच्या नावावर होता, ते गेले. नॉमिनी त्यांचा धाकटा मुलगा, शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढलंय आणि तोच विकतोय. मोठा भाऊ, बहीण आहेत पण "त्यांचा काही संबंध नाही" म्हणतो.

उत्तर : संबंध आहे, चांगलाच आहे. नॉमिनी झाला म्हणून मालक होत नाही, सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढ्यापुरतं ते नाव, हक्क वारसांचा. मृत्युपत्र असेल तर बघा, नसेल तर भावाबहिणीचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र आधी होऊ दे, नाहीतर तुमच्या ॲग्रीमेंटवर तिघांच्या सह्या घ्या. बहीण परदेशात आहे, आजारी आहे, भांडण आहे, ही कारणं मी रोज ऐकते. टोकनसुद्धा देऊ नका तोपर्यंत.

प्रश्न : बायकोचं नाव घातलं की ड्युटी कमी लागते ना?

उत्तर : एक टक्का कमी, पण सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तर. तुमचं नाव शेजारी घातलंत की सवलत गेली. रजिस्ट्रेशन फी वेगळी, १ टक्का आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपये. आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा असतो. विकणारा परदेशी स्थायिक असेल तर मात्र हा १ टक्का चालत नाही, आधी सीएला विचारा.