बायकोचा व्हिसा अडकलाय? आधी नावं तपासा

बायकोला अमेरिकेत आणायचा व्हिसा लांबलाय म्हणून वकील बदलायची घाई करू नका. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर बायकोसाठी व्हिसा नंबरची (वर्षाच्या ठरलेल्या कोट्याची) रांग नाही, ती ग्रीनकार्डवाल्यांच्या बायकांना. आय-१३० (नातं सिद्ध करणारा तुमचा अर्ज) मंजूर होऊन फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे) गेली की आपल्याकडची गाडी हमखास अडते ती नावांवर. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि लग्नात तांदळात लिहिलेलं तिसरंच! डीएस-२६० मध्ये (बायकोच्या ऑनलाइन व्हिसा अर्जात) आजवरची सगळी नावं भरा. जन्माची नोंदच नसेल तर महापालिकेकडून अनुपलब्धतेचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. लग्नाचा दाखला विवाह नोंदणीचाच हवा, हॉलची पावती चालणार नाही.

तुमचं उत्पन्न कमी पडत असेल तर जॉइंट स्पॉन्सर (तुमच्यासोबत बायकोच्या खर्चाची हमी घेणारा) आत्ताच बघा. व्हिसासाठीची मेडिकल तपासणी मात्र फार आधी उरकू नका. ती साधारण ६ महिनेच चालते आणि व्हिसाची मुदतही तिच्यावर ठरते.

मुंबईत मुलाखतीनंतर २२१(जी)चा कागद (काही कागद किंवा तपासणी बाकी असल्याची नोटीस) हातात पडला तर घाबरू नका. कायद्याने तो नकारच, पण मागितलेला कागद दिला की बहुतेक फाइली पुढे सरकतात. त्यावर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग (त्यांची पुढची तपासणी) लिहिलं असेल तर थांबणं आलं. फारच लांबलं तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसमार्फत चौकशी करा.

उशिराचा एक फायदाही आहे बरं का. वहिनी अमेरिकेत उतरतील तेव्हा लग्नाला २ वर्षं पूर्ण झाली असतील तर १० वर्षांचं ग्रीनकार्ड मिळतं. तरीही व्हिसावर सीआर१ (२ वर्षांच्या आतल्या लग्नाचा, २ वर्षांच्या सशर्त ग्रीनकार्डचा प्रकार) छापलेलं असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे सांगायचं, नाहीतर आय-७५१चं (ती अट काढून घ्यायच्या अर्जाचं) लचांड मागे लागतं.