पेगॅसस घेताय? आधी पंखांचं मूळ तपासा

ग्रीक पुराणातल्या पेगॅससची, म्हणजे पंखवाल्या घोड्याची, जुनी पोर्सेलीन मूर्ती घेताना चेहऱ्यावर भाळू नका. पंख खांद्याला जुळतात ती जागा आधी बघा. पंख बहुतेकदा वेगळ्या साच्यात ओतून, भाजण्याआधी मातीच्या पातळ घोळाने जोडलेले असतात. मोडतातही तिथेच. मूळ जोडावर ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, सलग असतं. दुरुस्तीचा रंग ग्लेझच्या वर बसतो, नखाला किंचित मऊ लागतो आणि चकाकी मंद असते. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च अंधारात मारला की असा भाग बरेचदा वेगळा उजळतो. नेहमीच नाही, म्हणून नखाची परीक्षा सोडू नका. मग कान, खूर, शेपटी.

पोटाखाली बारीक भोक दिसलं तर तो दोष नव्हे. भाजताना आतली हवा बाहेर पडायला ते ठेवतात. पण त्यामुळेच मूर्ती पाण्यात बुडवायची नाही, पाणी आत अडकतं. मऊ ब्रश पुरतो.

पार्सल मागवताना विक्रेत्याला बजावून सांगा: पंखांमधल्या पोकळीत आधी टिश्यू पेपर भरायचा, मग सैलसर बबल रॅप, आणि खोक्यात खोकं. रॅप घट्ट आवळला की पंख आत दाबले जातात आणि मुळाशी तडकतात.