पेंटियम फोर कॉम्प्युटर डीव्हीडीवरून बूटच होत नाही, म्हणजे सुरूच होत नाही, दिवा लागतो, डिस्क फिरते पण पुढे काही नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा कॉम्प्युटर आहे, विंडोज एक्सपी लोगोवर अडकते, लिनक्सची (विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमची) डीव्हीडी घातली तर ती फिरते आणि परत एक्सपीच येते, आणि सातपूरच्या दुकानात मदरबोर्ड गेलाय म्हणून भंगारात द्या सांगितलं. अहो देऊ नका. लोगोपर्यंत येतोय म्हणजे बोर्ड चालू आहे.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मामांचा कॉम्प्युटर, पिंपळगाव बसवंतला बागेच्या कडेच्या खोलीत असायचा, त्यात छाटणीच्या तारखा, फवारणीच्या नोंदी, व्यापाऱ्यांचे हिशेब असं सगळं होतं, २००६ पासूनचं. मी तो नाशिकला पंचवटीत घरी आणला आणि तीन संध्याकाळी नुसतं बायोसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या सेटिंगच्या पानांत, बूट ऑर्डर (आधी कशावरून सुरू व्हायचं तो क्रम) खालीवर करत बसलो. बूट ऑर्डर पहिल्या दिवसापासून बरोबरच होती. दोष ड्राइव्हच्या लेझरचा होता.

डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडीसाठी वेगळा लेझर असतो आणि डीव्हीडीसाठी वेगळा, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५०. त्यातला एक कमजोर झाला तरी दुसरा मस्त चालतो, म्हणून ड्राइव्ह गाण्याची सीडी वाजवतो, दिवा लागतो, मोटर फिरते आणि आपल्याला वाटतं ड्राइव्ह ठीक आहे. मामांच्या ड्राइव्हने डीव्हीडी एकही वाचली नाही, पण टायनी कोअर नावाचं अगदी छोटं लिनक्स सीडीवर टाकून घातलं तर अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप आला. तुम्हीही फाइल काढून घेतल्यावर (ते खाली सांगतो) पहिल्यांदा हेच करून बघा. सीडी साधी आर (एकदाच राइट होणारी) घ्या, आरडब्ल्यू (पुसून परत वापरायची) नको, जुने ड्राइव्ह तिला कंटाळतात, आणि राइट करताना स्पीड कमीत कमी ठेवा.

डिस्क नीट बनलीय का ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आत एकच आयएसओ फाइल (पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये बांधलेली) दिसली तर ती फाइल नुसती कॉपी झालीय, तिच्यावरून काहीच बूट होणार नाही, विंडोज सेव्हनपासून पुढे राइट क्लिक करून बर्न डिस्क इमेज असा पर्याय येतो त्यानेच बनवायची. आत बूट, आयसोलिनक्स असले फोल्डर दिसले म्हणजे बरोबर. आणि डिस्क ३२ बिटचीच पाहिजे, सुरुवातीच्या पेंटियम फोरवर ६४ बिट चालत नाही. डेबियन नावाचं लिनक्स टाकणार असाल तर आवृत्ती १२ घ्या, १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय. स्क्रीनवर एक्स८६-६४ सीपीयू लागतो असा मेसेज आला तर खूश व्हा, ड्राइव्ह आणि बायोस दोन्ही ठीक आहेत, फक्त डिस्क चुकलीय.

सीडीनेही काही झालं नाही तर मग बायोस. चालू करताना डिलीट दाबत राहा, पहिल्याच पानावर ड्राइव्हचं नाव दिसतंय का बघा. दिसत नसेल तर विजेची वायर काढून कॅबिनेट उघडा, हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह एकाच रुंद पट्टीच्या केबलवर असतील तर मागचे जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) बघा, दोघंही मास्टरवर असले की गोंधळ होतो, एक मास्टर एक स्लेव्ह करा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर २०३२ सेल बदला, सेल उतरला की बूट ऑर्डर पण सेव्ह राहत नाही. आणि विंडोजची डिस्क असेल तर ती कुठलंही बटण दाबा म्हणून काही सेकंदच थांबते, यूएसबी कीबोर्ड त्या वेळी चालतोच असं नाही, म्हणून जांभळ्या गोल पिनचा जुना कीबोर्ड लावा.

एक मात्र कळकळीने सांगतो, हे सगळं करण्याआधी हार्ड डिस्क काढून आयडीई (त्या जुन्या रुंद केबलची जोडणी) टू यूएसबी कन्व्हर्टरने फोटो, कागदपत्रं काढून घ्या. कन्व्हर्टर बारा व्होल्टच्या अडॅप्टरसकट घ्या, मोठी डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. इन्स्टॉलरमध्ये एक चुकीचं एंटर आणि वडिलांचं सगळं गेलं, ते परत मिळत नाही. मामांच्या फाइल मी आधी दोन पेनड्राइव्हवर घेतल्या आणि मगच पुढे हात लावला.

ड्राइव्हच गेलेला निघाला तर नवा शोधत फिरू नका. मला एमजी रोडला जुन्या मालात आयडीईचा रायटर मिळाला होता, तो आता कपाटात पडून आहे आणि चालू आहे. सातपूर काही लांब नाही, इथे उत्तर द्या, आठ दिवस वापरा, काम झालं की परत द्या.