रविवारचा गणिताचा वर्ग हेच करिअर करायचंय, जमेल का?

प्रश्न : सर, मी इचलकरंजीची. एमेस्सी मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षापासून दर रविवारी सकाळी घरीच सातवी-आठवीच्या नऊ मुलांना गणित शिकवते, शाळेतलं नाही, कोडी, ऑलिम्पियाड टाईपचे प्रश्न, असलं. महिना चारशे रुपये घेते. मुलं सुट्टीच्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसतात. मला हेच करायचंय. बाबा यंत्रमागावर काम करतात, ते म्हणतात बीएड कर, शाळेत लाग, रविवारच्या क्लासवर घर चालत नसतं. त्यात दोन पालक मागे लागलेत की नववीचा पोर्शन आत्ताच सुरू करा. काय करू?

उत्तर : आधी बाबांचं बोलणं घेऊ, कारण त्यांचा हिशोब बरोबर आहे. नऊ मुलं गुणिले चारशे म्हणजे 3600. उद्या तू पंधरा-पंधराच्या दोन बॅच केल्यास आणि फी पाचशे केलीस तरी 15,000, तेही वर्ग चालू असेल त्या महिन्यांत, कारण वर्षातले 52 रविवार धरले तरी दिवाळी, सहामाही, वार्षिक, मे महिना, गावाकडच्या जत्रा आणि लग्नं वजा जाता पस्तीसेक रविवार हातात राहतात. मुलं वाढवून हा आकडा वाढेल असं वाटतं ना, तिथेच गडबड होते. ह्या प्रकारच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या वहीत डोकावावं लागतं, त्याने कुठून सुरुवात केली, कुठे अडला, अडल्यावर काय केलं हे बघावं लागतं, आणि माझ्या मते पंधराच्या वर गेलं की एका माणसाला ते होत नाही. मग आपोआप फळ्यावर उत्तर लिहून देणं सुरू होतं, मग नोट्स, मग टेस्ट सिरीज, आणि दोन वर्षांत तो चारचौघांसारखा क्लास होतो. असं होताना मी बघितलंय, चांगल्या शिक्षकांचं झालंय, पैशाची ओढाताण होती म्हणून झालं.

म्हणून मी तुला सांगेन की हे कर, जरूर कर, पण घरखर्च रविवारवर टाकू नकोस. आठवड्यातलं काम वेगळं ठेव म्हणजे रविवारी तुला कुणाचं ऐकून वर्ग बदलावा लागणार नाही. नववीचा पोर्शन मागणाऱ्या पालकाला शांतपणे नाही म्हणता यायला हवं आणि ते एक मूल सोडून गेलं तरी महिनाअखेरीला काही बिघडायला नको.

आता आठवड्यातलं काम कोणतं, तर इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण बऱ्याच मुलांना ती नोकरी लागल्यावर कळते. शाळेतल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम 28 मध्ये, सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे बाबा म्हणतात तसं बीएड करून शाळेत लागलीस तर घरचा हा फी घेणारा वर्ग चालू ठेवता येणार नाही. पण म्हणून तो रस्ता वाईट ठरत नाही. मुख्याध्यापक चांगले भेटले तर शाळेतच शनिवारी सुटल्यावर गणित मंडळ चालव, फी नाही काही नाही, आणि तिथे तुला अशी मुलं मिळतील ज्यांचे आईबाप त्यांना तुझ्या घरी कधीच पाठवणार नव्हते. बीएड दोन वर्षांचं, सीईटी आहे, सहावी ते आठवीसाठी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर दोन, आणि पवित्र ह्या सरकारी पोर्टलवरून भरती म्हणजे टेट, ती वेगळी अभियोग्यता चाचणी, तीही आलीच. भरती कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही, हे मनात धरूनच त्यात उतर.

कॉलेजला शिकवायचं असेल तर सेट-नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा. आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तू अजून एका रस्त्याचा विचारच केलेला नाहीस, तिथे मुलं गणित-विज्ञान कसं शिकतात हाच अभ्यासाचा विषय असतो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, आपल्या देशातलं ऑलिम्पियाडचं मोठं काम तिथून चालतं, आणि तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते. त्यांचा विज्ञान प्रतिभा म्हणून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी उपक्रम आहे, त्याचं साहित्य फुकट मिळतं, ते तू उद्यापासून तुझ्या वर्गात वापरू शकतेस. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी 1962 पासून हुशार मुलांसाठी काम करते, भास्कराचार्य प्रतिष्ठान 1976 चं, तिथे शाळेच्या मुलांचे ऑलिम्पियाडचे वर्ग होतात. परवानगी काढून एखाद्या वर्गात मागे बसून बघ. शिकवणारा किती वेळ गप्प राहतो तेवढंच बघितलंस तरी चालेल.

आता पोर्शनचं. ह्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तुझा वर्ग टिकणार की नाही ते इथेच ठरणार आहे. पालकांना वाटतं हुशार मूल म्हणजे पुढच्या इयत्तेचं येणारं मूल. मग सातवीत नववीची सूत्रं पाठ, नववीत गेल्यावर शाळेत कंटाळा, आणि एखादा न बघितलेला प्रश्न समोर आला की पोरगं हात वर करतं, हे आमच्याकडे शिकवलं नाही म्हणतं. ह्या पालकांवर रागावू नकोस, त्यांना दुसरं काही बघायलाच मिळालेलं नाही. त्यांना एका रविवारी वर्गात बसव आणि काप्रेकरांचं काम घे. द. रा. काप्रेकर, आपले गणितज्ञ, डहाणूला 1905 मध्ये जन्म, सगळी नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून. त्यांचा 6174 तुला माहीत असेलच. चारही अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने, मग चढत्या, वजाबाकी, आलेल्या उत्तरावर परत तेच. 3524 घेतलीस तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8352, मग 6174, आणि तिथून हलतच नाही. बहुतेक क्लासवाले हे जादू म्हणून दाखवतात आणि थांबतात. तू थांबू नकोस. मुलांना म्हण, तीन अंकांवर करून बघा. 495 वर येतात. का येतात? मोठा अंक अ, मधला ब, लहान क धरला की वजाबाकी 99 गुणिले (अ वजा क) एवढीच उरते, ब गायब. म्हणजे उत्तर नेहमी 99 च्या पटीत, 198, 297, 396 अशा मोजक्याच संख्या, त्या सगळ्या एकेक करून तपासल्या की सिद्धता झाली, आणि ही आठवीतल्या मुलाची स्वतःची सिद्धता असते. मग विचार दोन अंकांचं काय. तिथे कुठे थांबतच नाही, 9 म्हणजे 09 धरला की त्यावरून 81, 63, 27, 45 आणि परत 9, गोल फिरत राहतं. ह्यात नववीच्या पुस्तकातलं एकही प्रकरण नाही, आणि बीजगणित कशाला लागतं ते त्या पोराला कळून चुकतं. मागे बसलेल्या पालकालाही कळतं, सांगावं लागत नाही.

परीक्षांना मात्र नाक मुरडू नकोस. सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, त्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे प्रकल्प असतो म्हणून ती मला आवडते. आठवीपासून आयओक्यूएमला, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला, बसता येतं, 3 तास 30 प्रश्न, बसवायचं ते अनुभव म्हणून. आणि तुझ्या मुलांपैकी जे सरकारी किंवा अनुदानित शाळेत आहेत आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांचा आठवीत एनएमएमएस ह्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरलाय का हे तू स्वतः विचार. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. तुमच्या गावात मागावर काम करणाऱ्या घरांना ती रक्कम मोठी आहे, आणि नुसता फॉर्म राहिला म्हणून संधी गेली असं होऊ नये, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मुलं घेताना मार्कशीट बघू नकोस. एक प्रश्न दे, अर्धा तास दे, आणि उत्तर न येता जो चिकटून बसतो त्याला घे. एक-दोन जागा फी न घेता ठेव आणि कोणाची फी माफ आहे हे बाकीच्या मुलांना कळू देऊ नकोस. मराठी माध्यमाचं मूल असेल तर मराठीत विचार करू दे, इंग्रजी शब्द नंतर शेजारी लिहून दे, सेमीची मुलं जास्त पटपट बोलतात म्हणून ती जास्त हुशार वाटतात, तसं नसतं.

कायद्याचं एक. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने कोचिंगबद्दल सूचना काढल्या, सोळाच्या आतल्या मुलांना घेऊ नये वगैरे, त्यावरून घाबरू नकोस, त्यात कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेलं. नऊ मुलांचा वर्ग त्यात येत नाही.

ह्या वर्षी काय करायचं म्हणशील तर एमेस्सी नीट पूर्ण कर, सेटचा अभ्यास त्याच्याबरोबरच होतो, बीएड सीईटीचा फॉर्म भरून ठेव. रविवार चालू ठेव, नवाचे बारा कर, त्याहून जास्त नाही. आणि दर रविवारी वर्ग संपल्यावर कोणत्या मुलाने काय वेगळं केलं ते वहीत लिहून ठेवायला लाग, तारखेसकट. पुढे मानखुर्दला मुलाखतीला बसलीस किंवा एखाद्या संस्थेत काम मागायला गेलीस तर सर्टिफिकेटच्या आधी ती वही टेबलावर ठेव. बाबांना हे उत्तर वाचून दाखव, आणि त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी खुशाल लिहावं, मी त्यांनाही उत्तर देईन.