कोपऱ्यातलं ग्राउट फुटलं, खालच्यांचं छत ओलं. खर्च कुणाचा?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आठ महिन्यांपूर्वी बाथरूमच्या टाइल्स नव्याने बसवल्या, शॉवरच्या कोपऱ्यातलं ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरतात ते सिमेंट) चिरलं, खालच्या काकांच्या छताला ओल आली, सोसायटीची नोटीस आली आणि कॉन्ट्रॅक्टर हात वर करून म्हणतोय "तुम्ही सिलिकॉन सांगितलंच नव्हतं". खालच्यांचा खर्च त्यानेच द्यावा, तोवर मी देणार नाही, हे चालेल का?

नाही चालणार. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचाच, त्यामुळे काकांचं प्लास्टर-रंग आधी करून द्या, बिलं जपून ठेवा आणि मग तीच रक्कम कॉन्ट्रॅक्टरकडे मागा.

बाकी त्याच्या त्या वाक्यात काही दम नाही. दोन भिंती मिळतात किंवा भिंत फरशीला मिळते तिथे दोन्ही बाजू थोड्या वेगवेगळ्या हलतात, सिमेंटचं ग्राउट कडक, ते चिरतंच, म्हणून कोपऱ्यात लवचिक सिलिकॉन आणि एकाच भिंतीवरच्या टाइल्समधे ग्राउट, हे त्याला माहीत असावं म्हणूनच तर आपण पैसे मोजतो ना! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतली त्रुटी म्हणतात.

पण एक गोष्ट तो नक्की काढणार, आणि ती अर्धी खरी आहे, की नुसत्या चिरेने छत भिजत नाही, पाणी अडवतं ते टाइलखालचं वॉटरप्रूफिंग. तेव्हा कोटेशन आत्ताच काढून बघा. त्यात वॉटरप्रूफिंग लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. तुम्हीच "जुनं राहू दे, वरूनच टाइल लावा" असं व्हॉट्सअॅपवर सांगितलं असेल तर मग अवघड आहे, मला तरी पूर्ण रक्कम मिळेल असं वाटत नाही.

दुरुस्तीआधी पुरावा करा, नंतर काही हातात राहत नाही. काकांना सांगून नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायची जाळी) बंद करा, पाणी 24 तास भरून ठेवा, वरचे-खालचे फोटो काढा, त्रयस्थ सिव्हिल इंजिनिअरकडून सहीचा रिपोर्ट घ्या. चॅट डिलीट करू नका, ग्राहक आयोगात लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट जोडलेलं बरं.

मग कॉन्ट्रॅक्टरला 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, आणि उत्तर नाही आलं तर तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. त्याला दिलेले पैसे 5 लाखांच्या आत असतील तर फी नाही, मुदत 2 वर्षं.

नोटीस गेली की बहुतेक तो सिलिकॉनची ट्यूब घेऊन येईल, "फुकट भरून देतो" म्हणत. जुन्या ग्राउटवरूनच ओढू देऊ नका, टिकत नाही, आतलं खरवडून कोपरा पूर्ण सुकवायला लावा, आणि काकांचं छत कोरडं होईपर्यंत "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही नको.