बेळगावहून गोवा-पुणे लाइनला ट्रक आणि बस आहेत. खर्च कमी करून गाड्या सुरक्षित कशा चालवायच्या?

तुम्ही लिहिलंय की सहा ट्रक आणि दोन स्लीपर बस आहेत. ट्रक गोव्याला आणि कोल्हापूर-पुण्याला जातात, बस रात्रीच्या. डिझेल परवडत नाही म्हणून चालकांना एव्हरेजवर इनाम सुरू केलं, तरी हिशोब बसत नाही, आणि घाटात ब्रेक न लागण्याच्या तक्रारी वाढल्यात. मी बेळगावातच ट्रान्सपोर्टच्या गाड्यांचा मेंटेनन्स आणि हिशोब बघतो. गोवा लाइन, ऊस, फाउंड्रीचा माल, सगळं या हातून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात इनामापासूनच करतो. तुमचे दोन्ही त्रास मला तिथूनच निघालेले दिसतात.

एव्हरेजवर इनाम ही आपल्याकडची जुनी पद्धत. मालक दहाचाकी ट्रकला लिटरमागे चार किलोमीटरचं एव्हरेज धरतो, त्यावर वाचलेलं डिझेल चालकाचं. पण डिझेल वाचवायला चालकाच्या हातात काय असतं ते बघा. माल किती भरायचा हे तो ठरवत नाही. टायरमध्ये हवा कोणी बघायची हे ठरलेलं नसतं. वेळेचा तगादा फोनवर चालूच असतो. मग त्याच्याकडे एकच उपाय उरतो, उतार लागला की गाडी न्यूट्रल. कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याचा उतार, तिकडे अनमोड, आंबोली, आणि हायवेवर तवंदी, वंटमुरी. या सगळ्या घाटांत हे चालतं.

न्यूट्रल केलं की इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर धरून घाट उतरवली की ड्रम तापून फुगतो, लायनर (ड्रमला घासून चाक धरणारी पट्टी) पकड सोडतो, आणि पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. त्यात इंजिन आयडलवर असल्यामुळे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर हळू फिरतो. चालक पुन्हापुन्हा ब्रेक मारतो तशी टाकीतली हवा उतरते आणि तितक्या वेगानं भरत नाही. ब्रेक फेल म्हणून जे सांगितलं जातं त्यातले कितीतरी प्रकार गॅरेजमध्ये उघडून बघितले की हेच निघतं. पार्ट तुटलेला नसतो, ड्रम तापून निळे पडलेले असतात.

बरं, यात डिझेल तरी वाचतं का? कॉमनरेल इंजिनात, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की तो कॉम्प्युटर (ईसीएम) इंजेक्टरचं डिझेल बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे घाटाच्या उतारावर न्यूट्रलनं डिझेल वाचतच नाही, वर लायनर आणि ड्रमचा खर्च. हे चालकांना बसवून, गाडीच्या डिस्प्लेवर दाखवून समजावलं तर पटतं. दम देऊन पटत नाही. ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात, नाहीतर एक खालच्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावून उतरायचं. जुने चालक हेच करत आले. इनामानं ते मोडलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, एव्हरेजचं इनाम आहे तसं बंद करा. त्याऐवजी पगार आणि भत्ता आधी नीट करा, आणि जे इनाम द्यायचं ते तीन-चार गोष्टी एकत्र बघून द्या. जीपीएसवर घाटात वेग किती होता, एकदम ब्रेक किती वेळा मारला, टायर कसे झिजले, निघण्याआधीची तपासणी लिहिली का, आणि त्यानंतर एव्हरेज. तेसुद्धा त्याच रूटच्या, साधारण तेवढ्याच वजनाच्या फेऱ्यांशी तुलना करून. गोव्याला माल घेऊन उतरणारी गाडी आणि गोव्याहून भरून घाट चढणारी गाडी यांना एकच एव्हरेज लावणं हा अन्याय आहे, आणि चालकाला तो बरोबर कळतो. मग तो डिझेल काढून विकतो. चोरी थांबवायला टाकीला जाळी आणि सेन्सर लावाच, पण धरलेलं एव्हरेज खोटं असेल तर सेन्सरनं भागणार नाही.

हिशोबाचं म्हणाल तर साधं गणित करतो. गाडी महिन्याला 8,000 किलोमीटर धावते असं धरा. 4 च्या एव्हरेजला 2,000 लिटर लागतात, 4.2 ला सुमारे 1,905. लिटरला 90 रुपये धरले तर गाडीमागे महिन्याला सुमारे साडेआठ हजार वाचतात. हा 0.2 चा फरक टायरची हवा, अलाइनमेंट, एअर फिल्टर, अडकून घासणारे ब्रेक आणि उभ्या गाडीचं चालू इंजिन यांतूनच निघतो. त्यासाठी न्यूट्रल लागत नाही. टाकी मात्र दर वेळी फुल ते फुल मोजा. अंदाजे भरलेल्या डिझेलवरून एव्हरेज काढू नका.

डिझेल कुठं भरायचं हाही आपल्या भागातला जिव्हाळ्याचा विषय. महाराष्ट्राच्या गाड्या कोगनोळी-निपाणीकडे येऊन टाक्या भरायच्या, इतका भावात फरक असायचा. कर्नाटकानं 2024 च्या जूनमध्ये आणि परत 2025 च्या एप्रिलमध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवला, आणि तो फरक आटला. सवयीनं भरू नका, रोजचे भाव बघून ठरवा. बीएस-6 गाड्यांना धूर साफ करायला लागणारा युरिया सुटा आणि स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्यातून धूर साफ करणारी एससीआर यंत्रणा खराब झाली तर वर्षभराची बचत एका बिलात जाते.

टायरबद्दल थोडक्यात. हवा थंड टायरमध्ये, गेज लावून. हातोडी मारून आवाजावरून नाही, कारण जोडटायरातल्या आतल्या टायरची हवा हातोडीनं कळत नाही, आणि आतला बसला की बाहेरचा दुप्पट ओझं ओढून तापतो. खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंही बाद. माझं मत असं की पावसाळ्यात आंबोली-चोर्ल्याला जाणाऱ्या गाडीचे टायर त्याच्या बरेच आधी काढावेत. रिट्रेडिंग, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणं, जरूर करा, चांगलं केसिंग (टायरचा आतला सांगाडा) असेल तर पैसा वाचतो. पण पुढच्या एक्सलला रिट्रेड टायर नको, बसला तर नकोच नको.

निघण्याआधीची तपासणी म्हणजे पानभर फॉर्म नव्हे. एअर टँकमधलं पाणी सोडणं, हवा पूर्ण भरल्यावर इंजिन बंद करून गळती ऐकणं, ब्रेकचा ढिलेपणा काढणारा स्लॅक ॲडजस्टर, नट, लाइट, मागचे रिफ्लेक्टर. दहा-पंधरा मिनिटांचं काम. कार्ड कन्नड आणि मराठी दोन्हीत छापा. आपल्याकडे खानापूरचा चालक मराठी वाचतो, गोकाकचा कन्नड, आणि जे वाचता येत नाही त्यावर नुसतीच सही होते. या तपासणीनंतर चालक म्हणाला की गाडी काढणार नाही, तर त्या दिवसाचा भत्ता त्याला मिळाला पाहिजे. हे लेखी ठरवा आणि पाळा. भत्ता बुडेल या भीतीनं जो गाडी काढतो तोच पुढे घाटात अडकतो. ही एक गोष्ट मी प्रत्येक मालकाला सांगत आलोय. बहुतेकांना सुरुवातीला नुकसानीची वाटते.

कामाचे तास तसेच. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट 1961 सालचा, 2025 च्या नोव्हेंबरमध्ये नव्या कामगार संहितेनं त्याची जागा घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, आणि सलग 5 तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. रात्रीची पुणे बस एकाच चालकावर नेऊन सकाळी त्याच्याचकडून सर्व्हिसिंगला पाठवणं आणि संध्याकाळी परत बेळगाव, हे बंद झालंच पाहिजे. दोन चालक ठेवा आणि दुसऱ्याला झोपायला खरी जागा द्या, इंजिनाशेजारचा पत्रा नव्हे.

ओव्हरलोडबद्दल मालकांचं म्हणणं असतं की भाडंच इतकं कमी की जास्त भरल्याशिवाय सुटत नाही. 2018 मध्ये केंद्रानं एक्सलची मर्यादा वाढवली, दहाचाकीचं एकूण वजन 25 वरून 28.5 टन झालं. त्याच्यावर भरलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला 2,000. पाच टन जास्त म्हणजे 30,000, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. पाच टनांचं जादा भाडं गोवा लाइनला किती येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. फाउंड्रीचं कास्टिंग गाडीत थोडं दिसतं पण वजनाला भारी, म्हणून उद्यमबागेतून निघताना वजनकाटा चुकवू नका.

आता ऊस. हंगाम सुरू झाला की चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाक भागात रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, असला तर वायर तुटलेली असते, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. स्पीड गव्हर्नर 80 ला लावलाय म्हणून या रस्त्यांवर 60 सुरक्षित ठरत नाही. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, त्या मानानं वेग ठेवायचा. तुमचे ट्रक या भागातून रात्री जात असतील तर हंगामापुरतं वेळापत्रक बदला, पहाटे निघा. फेरीला दोन तास जास्त लागतील. लागू देत. आणि आपली गाडी बंद पडली तर मागे चमकणारा धोक्याचा त्रिकोण लांब ठेवायचा. दगड लावून वर झाडाची फांदी, ही पद्धत सोडा. दगड तिथंच राहतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव घेतात.

बसचं वेगळं बोलायला हवं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकला, आणि 2023 च्या 1 जुलैला समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात, खासगी बसला अपघातानंतर आग लागली. बुलढाण्याला 25 माणसं गेली. स्लीपर बसमध्ये आग लागली की वेळ फार कमी मिळतो, झोपलेल्या माणसाला दार कुठं आहे हे कळेपर्यंत धूर भरतो. म्हणून तुमच्या दोन्ही बसची मागची आणि छतावरची आपत्कालीन दारं आज स्वतः उघडून बघा. बऱ्याच बसमध्ये मागच्या दारापुढे जादा बर्थ किंवा पार्सल असतं. ते काढा, त्या बर्थचं भाडं विसरा. काच फोडायची हातोडी प्रत्येक खिडकीजवळ, आणि निघताना दोन मिनिटं प्रवाशांना दारं दाखवा, मराठीत आणि कन्नडमध्ये. बाहेरून बसवलेला इन्व्हर्टर, रंगीत लाइट, प्रत्येक बर्थला चार्जर, हे ज्यानं जोडलं त्यानं वायर किती जाडीची आणि फ्यूज किती अँपिअरचा घातला ते चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. डिकीत काय आहे हे माहीत नसलेलं पार्सल घेऊ नका. टुरिस्ट परमिटवर वाटेत थांबून सुटे उतारू घेत असाल तर तेही थांबवा. परमिटची अट मोडलेली असताना अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न तोच काढते.

कागदपत्रांबद्दल एवढंच की फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. चालकाच्या ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदतही तुमच्याच वहीत लिहून ठेवा, त्याच्या भरवशावर नको. मालासोबतचं ई-वे बिल दिवसाला 200 किलोमीटरच्या हिशोबानं चालतं, घाट बंद झाला तर मुदत वाढवून घ्यायला विसरू नका. पावसाळ्यात अनमोड आणि चोर्ला दोन्हीकडे अवजड गाड्यांवर वेळोवेळी बंदी येते. गाडी जांबोटीत पोचल्यावर ती कळून उपयोग नाही. निघण्याआधी पलीकडच्या गोव्यातल्या पार्टीला फोन करा.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण या भागात धंदा करायचा तर टळत नाही. सीमेचा वाद पेटला की फटका गाड्यांना बसतो. 2022 च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, 2025 च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या एसट्या थांबल्या. अशा दिवशी गाडी कुठं उभी करायची याच्या जागा आधीच ठरवून ठेवा, निपाणीच्या दोन्ही बाजूंना आणि चंदगड लाइनला शिनोळीजवळ, ओळखीचा पंप किंवा गोडाऊन. माल देणाऱ्या पार्टीला उशीर होणार हे तुम्ही स्वतः कळवा, ते काम चालकावर टाकू नका. पुढे जायचं की थांबायचं हे रस्त्यावर असलेल्या चालकाला ठरवू द्या, आणि थांबला तर त्या दिवसाचाही भत्ता द्या.